सतरा नंबरचा बिल्ला

वरळी,
१४ नोव्हेंबर १९९४

प्रिय हंसा,

तुझ्याकडे अजून फोन नाही, म्हणून हे पत्र. तुझा नंबर लागेपर्यंत आपल्या दोघींच्या तोंडात कवळ्या आलेल्या असतील.

मुद्द्याचं लिहिते. जितेंद्रने तुमच्याकडच्या नव्या गोल्फ अँड कंट्री क्लबात अर्ज केलाय. मुर्ध्याच्या पुढे, खाडीकडे, मिठागरं होती ना, तिथेच. पण नुसता अर्ज करून भागत नाही. आधी एखाद्या मेंबरने पाहुणे म्हणून न्यायचं, दिवसभर हिंडवायचं. कमिटीची माणसं लांबून बघत असतात. कसे बसता, कसे खाता, पोर भोकाड पसरतं का. मग २२ डिसेंबरला मतदान, आणि एकाने जरी नाही म्हटलं तरी संपलं. अगदी मुलगी बघायचा कार्यक्रम गं, फक्त पोह्यांच्या जागी सँडविच.

आम्हाला नेणार आहेत ते कौस्तुभ नाडकर्णी, जितेंद्रचे मोठे साहेब. रविवारी, २७ तारखेला. तू पण चल. आमची आया गेल्याच आठवड्यात काम सोडून गेली, निमिष माझ्या एकटीच्याने आवरत नाही, आणि तू असलीस की मला धीर येतो. आणखी एक. नाडकर्णींची बायको जाऊन दोन वर्षं झाली. पाच वर्षांची एक मुलगी आहे, ऋता. घरात बाईमाणूस नाही. मी काही म्हणत नाही हं. तू फक्त ये.

साधी कॉटनची साडी नेस, फिकटशी. दागिने नकोत. तिथे भडक चालत नाही. आणि ऑफिसातल्यासारखं अगं-तुगं नको, क्लबात सगळे अहो-जाहो करतात. मी तुला हंसाबाई म्हणेन. हसू नकोस मात्र!

बाबांना नमस्कार.

तुझी
सुरुची


शांती नगर, मीरा रोड,
१८ नोव्हेंबर १९९४

प्रिय सुरुची,

तुझं पत्र बाबांनी वाचलं. म्हणजे मला वाचून दाखवलं. निवृत्त झाल्यापासून घरातलं टपाल तेच उघडतात आणि खिडकीत उभे राहून मोठ्याने वाचतात, विजेचं बिलसुद्धा, आकाशवाणीच्या बातम्यांसारखं. "घरात बाईमाणूस नाही" या वाक्याला आवाज इतका चढला की समोरच्या गॅलरीतल्या ममतावहिनी कपडे वाळत घालायच्या थांबल्या. तेव्हा यापुढे जपून लिही.

येते. न येऊन सांगते कोणाला? बारा वर्षांपूर्वी फोर्टातल्या त्या टायपिंगच्या खोलीत आपण दोघी शेजारी बसलो तेव्हा तू म्हणाली होतीस, आपल्यातली एक जरी वर गेली तरी दुसरीला हात देईल. तू गेलीस. मी अजून भाईंदरच्या शाळेच्या ऑफिसात दाखले बडवतेय. पण तू विसरली नाहीस.

बाबा आधी कुरकुरले. "क्लबात काय, माणसं पत्ते कुटायला जातात." मी म्हटलं, गोल्फ खेळतात. "म्हणजे काठीने चेंडू लांब मारायचा आणि मग तो शोधत जायचं? आणि याला पैसे देतात की घेतात?" पण रात्री जेवताना आपणच म्हणाले, "अडतीस हे काही वय नाही. बिजवराला तर नाहीच नाही." मी ताट उचलून आत गेले.

फिकट साडी आहे. दागिन्यांचा प्रश्नच नाही. मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस घेऊन मुर्ध्याच्या थांब्यावर दहाला उभी राहते. तिथून गाडीत घ्या. लवकर पोचले तरी काळजी नाही, आजूबाजूच्या पाट्या वाचत बसेन. तुला ठाऊकच आहे माझं खूळ. भेळेचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय माझ्याच्याने टाकवत नाही.

तुझी
हंसा (हंसाबाई!)


शांती नगर, मीरा रोड,
२९ नोव्हेंबर १९९४

प्रिय सुरुची,

दोन दिवस झाले तरी डोळ्यांसमोरून ते हिरवं हलत नाही. इतकं गवत, आणि त्यावर एकही म्हैस नाही! सात वर्षांपूर्वी गिरगाव सोडून आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तिथे मिठाचे पांढरे ढीग होते. आता खड्डे, त्यात झेंडे, आणि झेंड्यांमागे चालणारे गंभीर चेहऱ्याचे पुरुष. जणू कोणाला तरी पोचवायला निघालेत.

आभार मानायचे तर कुठून सुरुवात करू? तुम्ही मुख्य दारातून गेलात आणि मला मुलांबरोबर बाजूच्या फाटकाने पाठवलंत ते फार बरं झालं, कारण झोपाळे त्याच बाजूला होते. तिथे काहीतरी पाटी होती, पण निमिष एक हात ओढत होता आणि ऋता दुसरा, त्यामुळे नीट वाचता आली नाही. आतल्या माणसाने विचारलं, "कोणाकडची?" मी सांगितलं, "नाडकर्णींकडची." त्याने वहीत लिहून घेतलं आणि मला पितळेचा गोल बिल्ला दिला, सतरा नंबरचा. किती व्यवस्थित असतं ना तुमच्यात! तो बिल्ला परत द्यायचा राहिला. येताना मी तुमच्या गाडीतून पुढच्या दाराने निघाले, त्यामुळे पर्समध्येच आला. बाबांनी तो चिंच लावून घासला आणि देवाजवळ ठेवलाय. म्हणतात, शुभ आहे.

जेवणाच्या हॉलमध्ये गर्दी म्हणून तू आम्हाला बदामाच्या झाडाखाली पाठवलंस तेही छानच. मुलांनी मोकळेपणी सांडलवंड केली. तिथे इतर घरांच्या आयाही बसल्या होत्या. पाहुण्यांपैकी त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच असेन. उत्तनची बर्नडेट म्हणून होती, तिने आपल्या डब्यातलं बोंबलाचं लोणचं मला दिलं आणि विचारलं, "तुजी बाई कशी हाय? तापट न्हाय ना?" मी हसून म्हटलं, "माझी फार चांगली आहे." तर म्हणते, "किती वर्सं झाली?" म्हटलं, बारा. ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बारा! मग नशीबवान हायेस. माजा तर दर दिवाळीला दरवाजा बदलतो." कशी गंमत बघ, तिचा गैरसमज आणि माझं उत्तर, दोन्ही जमून गेली.

आता ती चेंडूची भानगड. ऋताने गवतातला पांढरा चेंडू उचलून माझ्या हातात आणून दिला. मला वाटलं, कोणाचा तरी हरवलाय, म्हणून मी तो नेऊन सरळ झेंड्याच्या खड्ड्यात टाकला. म्हटलं, शेवटी तिथेच जायचाय ना बिचारा. लांबून टोपीवाले एक गृहस्थ असे ओरडले! मी घाबरून उभी. तेवढ्यात नाडकर्णी आले, त्या गृहस्थांना इंग्रजीत काहीतरी सांगून शांत केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "असू दे. मुलं तुमच्याकडे फार रमतात. ऋता सहसा कोणाकडे जात नाही."

मग ते जे बोलले ते मी तुला गाडीत सांगितलं नाही, जितेंद्रभावजी होते म्हणून. ते म्हणाले, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, वडील आणि मी. त्यावर म्हणाले, "तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात, तर ते एकटे राहू शकतील?"

सुरुची, मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

परत येताना ऋता हट्ट करून आपल्या गाडीत बसली आणि माझ्या मांडीवर झोपली. तिच्या केसांना खोबरेल लावायला हवं. फार रुक्ष झालेत.

तुझी
हंसा


वरळी,
५ डिसेंबर १९९४

प्रिय हंसा,

पत्र मिळालं. घाईत आहे, थोडक्यात लिहिते.

तो बिल्ला ताबडतोब पाठव. देवाजवळ वगैरे ठेवायची वस्तू नाही ती. क्लबाची मोजणी असते, आणि सतरा नंबर नाडकर्णींच्या नावावर गेलाय. मतदानाच्या आधी असली कटकट नको. पाकिटात घालून रजिस्टर कर.

दुसरं. नाडकर्णींनी तुझी चौकशी केली. दोनदा. ऋताला तुझा लळा लागलाय म्हणाले, आणि तू त्यांच्याकडे येशील का, असं विचारलं. मी म्हटलं, तिला विचारून सांगते. पण तू इतक्यात काही कळवू नकोस. २२ तारीख होऊ दे, मग मी काय ते बघते. मोठ्या माणसांशी बोलताना घाई चांगली दिसत नाही. मी सांगेपर्यंत गप्प बसायचं, कळलं?

जितेंद्रला झोप नाही. नाडकर्णींची मर्जी राहिली तर सगळं.

सुरुची


॥ श्री ॥

शांती नगर, मीरा रोड,
९ डिसेंबर १९९४

मा. श्री. कौस्तुभराव नाडकर्णी यांस,

पंढरीनाथ मोहिले यांचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

आपल्या घरचा पत्ता ठाऊक नसल्याने क्लबाच्या पत्त्यावर लिहीत आहे, क्षमा असावी. माझी कन्या चि. हंसा हिची आपण सौ. सुरुचीबाईंकडे दोन वेळा चौकशी केलीत आणि आपणांकडे येण्याविषयी विचारलेत, असे कळले. आनंद वाटला. मुलगी थांबा म्हणते, परंतु बापाने थांबावयाचे ते किती? म्हणून तिला न सांगता हे धाडस करीत आहे.

हंसा स्वभावाने शांत, घरकामात दक्ष आहे. मुलांची तिला अतिशय आवड. आपल्या कन्येविषयी ती रोज बोलते. काल तिच्यासाठी लोकरीची टोपी विणावयास घेतली आहे. आपण तिला विचारलेत की वडील एकटे राहू शकतील काय. त्याचे उत्तर मीच देतो. मला चहा आणि वरणभात करता येतो. शेजार चांगला आहे. माझ्यामुळे तिचे अडू नये, एवढीच इच्छा.

सोबत तिची जन्मपत्रिका आणि फोटो जोडला आहे. फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे, पण फरक फारसा नाही. पुढील बोलणी आपल्या सवडीने व्हावीत. आपण बोलवाल तेव्हा मी येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला
पंढरीनाथ मोहिले


मुंबई,
१४ डिसेंबर १९९४

श्री. मोहिले यांस,

नमस्कार. आपले पत्र क्लबातून माझ्याकडे आले. आपण स्वतः लिहिलेत याचे कौतुक वाटले. हल्ली कामाला माणूस ठेवताना त्याच्या घरच्यांचा पत्ता लागत नाही. आपण तर सारी माहिती आपण होऊन पाठवलीत.

जन्मपत्रिका बहुधा वयाचा पुरावा म्हणून पाठवली असावी. तिची आवश्यकता नाही, परत करीत आहे. फोटो मात्र ठेवून घेतो. घरात राहणाऱ्या नोकरांची नोंद पोलीस चौकीत करावी लागते, तिथे तो लागेल.

हंसाबाई मला पसंत आहेत. सुरुचीबाईंकडे त्या बारा वर्षे आहेत असे इतर आयांकडून समजले, आणि त्यांचे माणूस असे पळवणे मला बरे वाटत नव्हते. परंतु त्यांनीच उदारपणे त्यांना सोडण्याची तयारी दाखवली आहे. राहण्यासाठी स्वयंपाकघरालगत स्वतंत्र खोली आहे. महिन्यातून एक रविवार आपणांस भेटायला येता येईल. कपडे आमच्याकडून. एक जानेवारीपासून याव्यात.

आपण एकटे राहण्याची तयारी दाखवलीत, त्यामुळे माझी मोठी अडचण दूर झाली. आभारी आहे.

आपला
कौ. नाडकर्णी


शांती नगर,
१६ डिसेंबर १९९४

सुरुची,

सोबत नाडकर्णींच्या पत्राची नक्कल. शाळेतल्या मशिनवर काढलीय.

हे काय आहे?

हंसा


वरळी,
१७ डिसेंबर १९९४

हंसा,

हे ड्रायव्हरकडून शाळेत पाठवतेय. घरी नेऊ नकोस, वाचून फाडून टाक.

आधी सांग, बाबांना हा उद्योग करायला कोणी सांगितला होता? मी लिहिलं होतं ना, गप्प बस म्हणून? पत्रिका! क्लबाच्या पत्त्यावर! कोणाच्या हाती पडली असती तर?

काय झालं ते सांगते, म्हणजे तू उगाच भलतंसलतं मनात घेणार नाहीस. क्लबाचा नियम आहे. रविवारी एका मेंबरने दोनच पाहुणे न्यायचे. ते दोन आम्ही. तिसऱ्याला मज्जाव. पण आया कितीही चालतात. त्यांचं फाटक वेगळं, वही वेगळी, बिल्ला वेगळा. मी नाडकर्णींना सांगितलं, ही आमची आया आहे. एका दिवसाची गोष्ट होती गं. वहीतली एक ओळ. तुझं काय गेलं? तू मजेत होतीस. तूच लिहिलंस.

आता पुढचं नीट वाच. नाडकर्णी अजून तेच समजतायत आणि गुरुवारपर्यंत तेच समजायला हवेत. त्यांना चार ओळी लिही की वडिलांची तब्येत बिघडली, त्यामुळे सध्या काम घेता येत नाही, सुरुचीबाईंकडचंही सोडतेय. झालं. तिसरा पाहुणा आया म्हणून आत नेला हे कळलं तर जितेंद्रचा अर्ज तर जाईलच, पण नाडकर्णींनाही कमिटीपुढे उभं राहावं लागेल, आणि मग कंपनीत जितेंद्रचं काय होईल ते तुला सांगायला नको.

लग्नाचं म्हणशील तर मी शब्दही दिला नव्हता. घरात बाईमाणूस नाही एवढंच म्हटलं, आणि ते खरंच आहे. नाडकर्णींना परदेशात शिकलेल्या मुली सांगून येतात, हंसा. तू आपल्या मनाने कुठच्या कुठे गेलीस, त्याला मी काय करू?

बारा वर्षांची मैत्री आहे. चार ओळी. आणि बिल्ला ड्रायव्हरकडे दे.

सुरुची


शांती नगर,
१९ डिसेंबर १९९४

सुरुचीबाई,

ड्रायव्हरला रिकाम्या हाताने परत पाठवलं, राग मानू नये. आपण चार ओळी लिहायला सांगितल्या होत्यात. जरा जास्त झाल्या. कार्बन कॉपी सोबत आहे. मूळ पत्र आज क्लबाच्या सेक्रेटरींना रजिस्टर केलं, आणि एक प्रत नाडकर्णींना.

"महाशय,

दि. २७ नोव्हेंबर रोजी मी आपल्या क्लबात आले होते. बाजूच्या फाटकावरील वहीत माझे नाव सतरा नंबरच्या बिल्ल्यापुढे आया म्हणून लिहिले गेले आहे. ही नोंद चुकीची आहे. मी एका शाळेत कारकून आहे. सौ. सुरुची व श्री. जितेंद्र यांच्यासोबत, त्यांच्या निमंत्रणावरून, पाहुणी म्हणून मी आले होते. तरी माझे नाव त्या वहीतून काढून पाहुण्यांच्या वहीत लिहावे, ही विनंती. अन्य काही मागणे नाही.

बिल्ला सोबत परत करीत आहे. जास्त चकाकत असल्यास क्षमस्व. घरी घासला गेला.

आपली विश्वासू,
हंसा पंढरीनाथ मोहिले"

मजकुरात खाडाखोड नाही, हे आपण पाहालच. फोर्टात तुमच्यापेक्षा माझं टायपिंग चांगलं होतं.

हंसाबाई


वरळी,
८ जानेवारी १९९५

हंसा,

तुझं समाधान व्हावं म्हणून कळवते. २२ तारखेला जितेंद्रचं नाव मतदानाला आलंच नाही. सेक्रेटरीने तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. तुला काय वाटलं, त्यांना तुझी दया आली? कोणी तुझं नावसुद्धा घेतलं नाही. अर्धा तास चर्चा झाली ती तिसरा पाहुणा कसा शिरला यावर. नाडकर्णींना सहा महिने पाहुणे नेता येणार नाहीत. त्यांनी जितेंद्रला केबिनमध्ये बोलावलं, बस म्हटलं नाही, आणि नागपूरच्या ऑफिसचा कागद हातात दिला. आम्ही मार्चमध्ये जातोय.

तुझं नाव मात्र दुरुस्त झालंय. पाहुण्यांच्या वहीत लाल शाईने लिहिलंय आणि पुढे शेरा आहे, यापुढे प्रवेश देऊ नये. फ्रेम करून देवाजवळ लाव.

ऋताला नवी आया मिळाली. तीसुद्धा उत्तनचीच कोणीतरी. तुझी आठवण काढणं मुलीने चार दिवसांत बंद केलं.

आता मला एक सांग. तू भेळेचा कागद वाचल्याशिवाय टाकत नाहीस. मग त्या फाटकावर वीतभर अक्षरांत पाटी होती, ती तू वाचली नाहीस? सगळ्या आयांमध्ये बसून त्यांच्या डब्यातलं खाल्लंस, बारा वर्षं म्हणालीस, आणि तुला काही कळलं नाही? मी खोटं बोलले, कबूल. पण एकटी नव्हते. तुला सगळं ठाऊक होतं, हंसा. तुला नवरा हवा होता म्हणून तू डोळे मिटून घेतलेस, आणि शिक्षा आम्हाला दिलीस.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

सुरुची


शांती नगर,
१३ जानेवारी १९९५

सुरुची,

उत्तर देते, कारण तू म्हणतेस ते खरं आहे.

पाटी मी वाचली होती. "आया व नोकरांसाठी", वर हिंदीत आणि खाली मराठीत. मराठीतला "व" थोडा पुसट झाला होता. मी वळून बघितलं तर तू मोठ्या दाराच्या पायऱ्या चढत होतीस आणि घाईने, मागे न बघता चढत होतीस. तेव्हाच सगळं कळलं. फिकट साडी, हंसाबाई, सगळं. परत फिरायला दहा पावलं होती. पण ऋताने माझं बोट धरलं होतं, आणि मला वाटलं, आत तर जाऊ. एकदा नाडकर्णींनी मला नीट पाहिलं की कुठल्या फाटकाने आले हे कोण विचारणार? आतल्या माणसाने "कोणाकडची" म्हणून विचारलं आणि मी "नाडकर्णींकडची" म्हटलं, ते म्हणायला मला फार आवडलं. हेही तुला सांगून टाकते.

त्यांनी बाबांबद्दल विचारलं तेव्हासुद्धा मला दोन्ही अर्थ दिसत होते. मी हवा तो घेतला. तुला लिहिलेल्या पत्रात मी खोटं लिहिलं ते तुला फसवायला नाही. ते पत्र टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवायचं होतं.

तेव्हा वहीतल्या त्या ओळीचं मला काहीच वाटलं नव्हतं. तू गुरुवारपर्यंत म्हणालीस, मी वर्षभर तुझी आया राहिले असते. पुन्हा त्या फाटकातून गेले असते. तू माझ्यावर उपकार करतेयस असंही म्हणत राहिले असते.

पण नाडकर्णींचं पत्र बाबांच्या नावावर आलं. संध्याकाळची वेळ होती. मी भाजी निवडत होते. पाकीट जाड होतं, बाबांनी ते हाताने तोलून बघितलं, नवा सदरा घातला, आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. ममतावहिनींना हाक मारली, "वहिनी, जरा ऐका, कौस्तुभरावांचं पत्र आलंय." आणि मोठ्याने वाचायला लागले. पत्रिकेच्या वाक्याला अडखळले. त्यांना वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नाहीये, म्हणून चष्मा पुसून ते वाक्य परत पहिल्यापासून वाचलं. पोलीस चौकीपर्यंत गेले. "पसंत आहेत" आलं तेव्हा माझ्याकडे बघून हसलेसुद्धा, कारण तो शब्द त्यांना हवा होता. मग स्वयंपाकघरालगतची खोली. तिथे आवाज बसला, पण थांबले नाहीत. समोर वहिनी उभ्या होत्या ना, मध्येच कसं थांबणार? "आभारी आहे"पर्यंत वाचलं. खाली सही होती, तीही वाचली.

सेक्रेटरींना लिहिलेलं ते पत्र माझ्यासाठी नव्हतं. तुला शिक्षा झाली त्याचं मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं होतं, पण नाही वाटत.

टोपी उसवून टाकली. लोकर चांगली आहे.

तुझं हे पत्र काल दुपारी आलं. बाबांनी दार उघडलं, पोस्टमनकडून पाकीट घेतलं, आणि न उघडता माझ्यापुढे आणून ठेवलं. हल्ली सगळंच टपाल असं आणून ठेवतात. विजेचं बिलसुद्धा.

हंसा